धुतलेली वाळू

मी एक जुना तारामासा आहे. नावात मासा असला तरी मला ना कल्ले, ना शेपूट. पाच हात आहेत, त्यातल्या एकाचं टोक गेलं आहे. ते कसं गेलं, हेच सांगायला बसलो आहे. बसलो म्हणायचं आपलं, एका जागी बसणं मला अजून जमत नाही.

मित्रांनो, मी उबदार समुद्राच्या उथळ वाळूत जन्मलो आणि पाण्याच्या पिशवीतून जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलो. निवृत्त घड्याळजी ऑयगेन हेफेले यांनी मला घरच्या प्रवाळांच्या टाकीत आणलं. पाणी एकदम बदललं तर आम्ही दगावतो, म्हणून त्यांनी दोन तास माझ्या पिशवीत टाकीचं पाणी थेंब थेंब सोडलं. हवेत तर क्षणभरही काढलं नाही. माणूस लाखात एक!

टाकीची सफाई मात्र त्यांच्या पत्नीकडे, गुड्रूनबाईंकडे होती. शनिवारी त्या आधी इमारतीचा जिना पुसत, कारण शेजारीण पायरीवर बोट फिरवून बघायची. मग त्याच जोशात नळी घेऊन माझ्याकडे वळत आणि कानाकोपऱ्यातली वाळू धुऊन काढत.

"अगं, समुद्र आहे तो, जिना नव्हे!" ऑयगेन म्हणत.

"घाण ती घाणच. माझ्या घरात नको," बाईंचं उत्तर ठरलेलं.

ती घाण म्हणजे माझं जेवण होतं. वाळूतले बारीक जीव, कुजके कण, माशांचं उष्टं. दर शनिवारी माझं वाढलेलं ताट उचललं जाई. वरून पडणारे दाणे मासे वरच्या वर फस्त करत. मी वाळू चाळायचो, काही नाही. दुसरीकडे चाळायचो, तिथेही नाही. शेवटी काचेवर चढू लागलो. वर, खाली, पुन्हा वर. पोटात आग पडल्यावर चैन कुठली?

आणि नेमकं तेव्हाच माझं कौतुक सुरू झालं! एरवी वाळूत दडलेला मी कुणाला दिसत नसे. शेजारच्या वुर्स्टरबाई केक घेऊन आल्या नि म्हणाल्या, "अगंबाई, नाचतोय की हा! स्वच्छ घर मानवलंय बघा त्याला."

गुड्रूनबाईंची मान ताठ झाली. पुढच्या शनिवारी त्यांनी वाळू दोनदा धुतली. मला आवाज असता तर तिथेच बोंब ठोकली असती.

मग एका हाताचं टोक पांढरं पडून झडलं. ते आधी गुड्रूनबाईंनाच दिसलं. त्यांनी घाबरून नवऱ्याला हाक मारली. ऑयगेन काचेला नाक लावून बघत राहिले.

"गुड्रून, उपाशी आहे गं हा. वाळूत काही उरलंच नाही त्याला खायला."

शिंपल्यातल्या मांसाचा नखाएवढा तुकडा बाईंनी आणला आणि लांब चिमट्याने माझ्या तोंडाखाली सरकवला. मी तो तुकडा पाचही हातांनी कवटाळला.

आता दोन दिवसांआड तुकडा मिळतो. वाळूतही हळूहळू बारीक जीव वाढू लागलेत. हाताचं टोक भरून येईल की नाही, सांगता येत नाही. मला अजून राग येतो, आणि बाईंनी वाईट मनाने काहीच केलं नव्हतं, हे आठवलं की तो धड काढताही येत नाही. मित्रांनो, जीव पाळाल तर आधी त्याची भूक ओळखा, मग आपली हौस भागवा.

काल शनिवार होता. जिना पुसून गुड्रूनबाई टाकीसमोर आल्या. वाळूवर हिरवट थर धरला होता. त्यांची बोटं शिवशिवत होती. त्यांनी खुर्ची ओढली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि तासभर तशाच बसून राहिल्या.