उजव्या पंखाची पिसं

बायको गेली त्या दिवसापासून पिसाटकाकांना काही म्हणजे काही वाटेनासं झालं होतं. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतो, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं. भेटायला आलेल्या बहिणीनं गळ्यात पडून हंबरडा फोडला, तेव्हा काका तिच्या खांद्यावरून घड्याळाकडे बघत होते, कारण चिमट्यातल्या पिसाचा गोंद वाळायची वेळ झाली होती. "रड रे बाबा एकदाचा, मोकळा हो," बहीण म्हणाली. "हो, बघतो," काका म्हणाले. जसं काही तिनं दळण आणायला सांगितलं होतं!

पिसाट हे त्यांचं आडनाव नव्हे, आणि डोकंही चांगलं ठिकाणावर होतं. जन्मभर बाणांना पिसं चिकटवली म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव ते. घराच्या मागच्या खोलीत दोन टेबलं होती. खिडकीजवळचं काकांचं; त्यावर बाणांच्या दांड्या, गोंद, पिसांचे डबे आणि पीस धरायचा लोखंडी चिमटा. दाराजवळचं बायकोचं; त्यावर लांब फळी, फळीच्या दोन टोकांना खुंट्या, दोऱ्याची रिळं आणि मेणाचा गोळा. ती धनुष्याच्या दोऱ्या वळायची. अख्खा संसार दोघांनी एकमेकांकडे पाठ करून केला. "भांडायचं तर खुर्ची फिरवावी लागते," ती आल्यागेल्याला सांगायची, "आणि आम्ही दोघंही आळशी, म्हणून टिकलं!"

आता त्या टेबलाशी मुलगी बसायची. चिंगी. कॉलेज संपत आलं तरी घरात चिंगीच. ती स्वतः धनुष्य चालवायची, आणि बरं चालवायची. रविवारी संघाची निवड होती. यंदा झाली तर झाली, पुढच्या वर्षी तिचा वयोगट संपत होता. एवढं सगळं जुळून आलेलं असताना नेमकी आईनं वळलेली शेवटची दोरी झिजून सरावातच तुटली. चिंगीनं कपाळाला हात लावला नाही की ती रडली नाही. आईच्या खुर्चीत बसून तिनं नवी दोरी वळली, धनुष्यावर चढवली, आणि तिथून सगळं बिघडलं. दोन बाण मुठीत मावतील असे शेजारी शेजारी, आणि तिसरा वीतभर लांब. पुन्हा मारा, पुन्हा तेच.

"दोरीत खोट आहे," काका म्हणाले.

"काय खोट आहे?"

"ते मला काय माहीत? आईसारखी नाही."

चिंगीनं दोरी उकलली, पुन्हा वळली. आईसारखी नाही. तिसऱ्यांदा वळली. बोटांची सालं निघाली पोरीच्या, पण बापाचं पालुपद बदलेना. बरं, तो रागानंही बोलत नव्हता हो! रागावला असता तर तिला भांडता तरी आलं असतं. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा सुरात बोलायचा आणि पुन्हा पिसाकडे वळायचा. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

आता पिसांचं थोडं सांगायला हवं. बाणाला तीन पिसं लागतात आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची लागतात, कारण उजव्या पंखाच्या पिसाचा बाक वेगळा आणि डाव्याचा वेगळा. उजवी पिसं लावलेला बाण हवेत उजवीकडे फिरत जातो, डावी लावलेला डावीकडे. फिरला तरच तो सरळ जातो, भोवऱ्यासारखं. आणि पिसाटकाकांच्या बाणांना फक्त उजवी पिसं! हा त्यांचा अभिमानाचा विषय. कुणी नुसतं खोलीत डोकावलं तरी सांगायचे, "पूर्वी मीही डावीच लावायचो. लग्न झालं त्या वर्षी माझे बाण एकाएकी भरकटायला लागले. मग मी उजवी लावून बघितली, आणि बाण सुतासारखे सरळ! कुणी शिकवलं नाही मला, माझं मी शोधून काढलं." तेव्हा पाठीमागून बायकोचा आवाज यायचा, "फार हुशार बाई आमचे हे." आणि काका खुलायचे.

शुक्रवारी सकाळी चिंगीनं दोरी बापाच्या टेबलावर आणून टाकली.

"खोट दाखवा. नाहीतर पुन्हा तो शब्द काढू नका."

काका उठले. पिसं न लावलेली एक दांडी घेतली आणि तिच्यावर दोरीवर बसणाऱ्या खाचेपासून टोकापर्यंत पेनानं सरळ रेघ ओढली. मागच्या अंगणात गवताच्या गठ्ठ्यांची भिंत होती. तिच्यापासून चार पावलांवर चिंगीला उभं केलं. "रेघ वर ठेव. मार." तिनं मारला. बाण गवतात घुसला, आणि वर असलेली रेघ डाव्या अंगाला झुकली. पुन्हा मारला, पुन्हा डावीकडे. दोरी वळलेली असते. सुटताना तिचा पीळ बाणाला किंचित फिरवून सोडतो. तो कुठल्या बाजूला, ते उघड्या दांडीवर दिसतं.

"बघ," काका म्हणाले, "तुझी दोरी बाण डावीकडे फिरवते आणि माझी पिसं उजवीकडे. निघतो एकीकडे, मग थांबतो, मग उलटा फिरायला लागतो. भरकटेल नाही तर काय! उलटी वळ."

"मी आईच्या समोर बसून शिकले बाबा. तिचे हात बघून. ती डावखुरी, मी उजव्या हाताची. तिचा हात जिकडे जायचा तिकडेच माझा जायचा, आरशातल्यासारखा. म्हणजे पीळ उलटा पडला. मला तिच्यासारखं वळता येत नाही. परवा करून बघितलं, दोरी पाव तासात सैल पडली." चिंगीनं गवतातला बाण उपटला. "तुम्ही डावी पिसं का नाही लावत?"

"आपल्याकडे उजवीच लागतात."

"का पण?"

काकांनी तोंड उघडलं. आयुष्यभर लोकांना ऐकवलेलं ते सगळं जिभेवर होतं, पण 'का' याचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. चांगले जातात म्हणून. का चांगले जातात? जातात म्हणून! छे, हे म्हणजे गाडं फिरून पुन्हा तिथंच.

"घरात डावी नाहीत," ते शेवटी म्हणाले.

"मग मागवा. रविवार परवावर आलाय."

पिसांच्या व्यापाऱ्याला काकांनी जन्मात फोन केला नव्हता. ते खातं बायकोकडे. तिच्या मोबाइलमधून नंबर शोधला आणि त्याच मोबाइलवरून लावला.

"बोला वहिनी!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "बऱ्याच दिवसांनी आठवण झाली!"

"वहिनी नाही. मी बोलतोय. ती गेली. उन्हाळ्यात गेली, झोपेतच." काकांनी हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं की स्वतःलाच चमत्कारिक वाटलं. "मला पिसं हवी होती. डावी."

पलीकडून "अरेरे" ऐकू आलं. मग व्यापारी हळूच म्हणाला, "डावी म्हणताय, म्हणजे दोरी आता दुसरं कुणी वळतंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, वहिनींनीच सांगितलेलं. तुमचं लग्न झालं त्या वर्षी आल्या होत्या, माझे वडील गादीवर होते तेव्हा. डाव्या पिसांची गोणी परत आणली. म्हणाल्या, घरात दोरी आता मी वळते, माझा हात उलटा, बाण उजवीकडे फिरायला लागलेत. उजवी पिसं द्या. आणि घरी बोलू नका, सासूबाईंना डावखुरी सून खपत नाही, आधीच रोज ऐकवतात. वडिलांनी मला सांगून ठेवलं, त्या घरी उजवीच जातात, आणि चौकशी करायची नाही."

काकांच्या डोक्यात आता एकेक जुळायला लागलं. म्हणजे पिसांचा डबा तिनं बदलला होता. सकाळी टेबलावर उजवी पिसं होती, ती ह्यांनी लावली, बाण सरळ गेले, आणि ह्यांनी शोध लावला! आणि सुटे बाण ती कधी विकू द्यायची नाही. जोडीनंच न्या, बाण हवे तर दोरीसकट, असं गिऱ्हाइकाला ठणकावायची. काकांना वाटायचं, बाई व्यवहाराला पक्की आहे; दुसऱ्याच्या दोरीवर ते बाण भरकटले असते, हे आता कळलं. सासू जाऊन किती वर्षं लोटली, तरी बाईनं तोंडातून ब्र काढला नाही. का नाही काढला? कारण तोवर नवरा शोध लावून बसला होता, दुसरं काय!

काकांना हसू आलं. म्हणजे खुर्रर्र असा एक आवाज नाकातून निघाला.

"दादा? बरे आहात ना?" व्यापारी घाबरला.

"बरा आहे. आजच पाठवा."

संध्याकाळी पिसं आली. शनिवारभर बापलेक खाली मान घालून काम करत होते. काकांनी सुरीनं बाणांवरची उजवी पिसं खरवडून काढली. ती पिसं तिनं मागवलेली होती. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्यांच्या मनात आलं, वाटलं मात्र काहीच नाही. ढीग सुपलीत भरून टाकून दिला. चिमटा उलट्या बाजूला कलता करायचा तर स्क्रू गंजलेला. तेल घातलं, चार शिव्या घातल्या, तेव्हा फिरला. हात सारखा चुकायचा. चिंगी एकेक बाण उजेडात धरून बघायची आणि वाकडं पीस दिसलं की न बोलता परत पुढ्यात ठेवायची. आईही असंच करायची. काकांनी ते बघितलं आणि पुढचं पीस चिमट्यात धरलं.

रविवारी निवडीच्या हॉलमध्ये काका मागच्या बाकावर बसले. पहिल्या फेरीत चिंगीचे तीन बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात गेले, एकमेकांना खेटून. दुसऱ्या फेरीतही. मध्ये एक फेरी तिनं घाईत घालवली, ती चूक तिची, बाणांची नव्हे. दुपारी नावं वाचली. संघात चौघी घ्यायच्या होत्या आणि चौथं नाव चिंगीचं होतं.

ती धनुष्य हातात घेऊनच बाकाकडे आली. लोक अभिनंदन करत होते, ती कुणाकडे बघत नव्हती.

"आता तरी म्हणा," ती म्हणाली. "एकदा म्हणा, माझी दोरी आईसारखी आहे."

हो म्हणायला काय जात होतं? कुणीही म्हणालं असतं. काकाही म्हणणारच होते. पण पोरीच्या बोटांवरची निघालेली सालं त्यांना दिसली आणि खोटं बोलवेना.

"नाही," ते म्हणाले. "आईसारखी नाही. आईची दोरी आता कुणाला वळता यायची नाही. आई गेली. ही तुझी दोरी आहे, तुझ्या हाताची आहे, आणि चांगली आहे. खोट नव्हती तिच्यात. मीच..."

आई गेली, हे त्यांनी किती जणांना सांगितलं होतं. बहिणीला, शेजाऱ्यांना, परवा त्या व्यापाऱ्याला. आज पहिल्यांदा ते त्यांना स्वतःला ऐकू गेलं. पिसाटकाका भरल्या हॉलमध्ये बाकावर बसल्या बसल्या लहान पोरासारखे मोठमोठ्यानं रडायला लागले. आजूबाजूचे लोक कौतुकानं हसले. एक जण म्हणालाही, "बापाला आनंद आवरेना बघा!"

चिंगीनं धनुष्य भिंतीला टेकवलं आणि बापाला दोन्ही हातांनी धरलं.