चपटे दाणे

‘श्वास धर. तराजूला तुझा श्वाससुद्धा जड होतो.’

बापाचा आवाज, साठेक वर्षांपूर्वीचा, तंबाखूनं खरखरीत झालेला... आणि हार्लननं खरंच श्वास धरला. छोट्या तराजूची दांडी वर-खाली होत काट्यापाशी थांबली असावी. असावी — मार्चपासून सगळं असावीच. काट्याकडं रोखून पाहिलं की नेमका काटाच नाहीसा होतो, आणि मान जराशी वळवली की तो कडेनं, भित्र्या सशासारखा, पुन्हा बाहेर येतो.

तशीच मान वळवून त्यानं पारड्यातली बंदुकीची दारू पाहिली. रायफलच्या दारूचे दाणे पेन्सिलीच्या तुटक्या टोकांसारखे, लांबुडके. त्यांत हे चपटे कुठले... त्यानं बोटानं चाचपले. कांद्याची वाळली साल कुस्करावी तसे. पिस्तुलाची दारू. ती भसकन पेटते. रायफलच्या काडतुसात तेवढीच भरली तर गोळी बाहेर पडायच्या आत रायफलच फुटते, गालाला टेकलेली.

काल सकाळी त्यानं पिस्तुलाची काडतुसं भरली होती. मग जेवायला उठला. उठताना मापाचं भांडं रिकामं करायचं, उरलेली दारू तिच्या डब्यात ओतायची — हे डोळे मिटूनही जमतं. जमलं का, हार्लन? त्या उरलेल्या दारूवरच दुपारी मी रायफलची दारू ओतली, आणि माझ्या मुलीच्या, जोडीच्या, शिकारीसाठी चाळीस काडतुसं भरली, एकेक तोलून. वजन बरोबर होतं, वजन तेवढं बरोबर होतं... पहिलं कुठलं, शेवटचं कुठलं, चपटे दाणे कशाकशात गेले, आता काही कळायला मार्ग नाही. सगळी पितळी, सगळी सारखी चकचकीत.

बाहेर गाडीचं दार आपटलं. जोडी बुटांवरचं बर्फ झटकत आत आली, आधी कॉफीच्या भांड्याकडं गेली.

“बाबा, ही शिळी आहे की मुद्दाम अशी केलीस?”

“कालची आहे.”

“म्हणजे मुद्दाम.” तिनं टेबलावरची काडतुसांची डबी उचलली. “ही माझी ना?”

“ठेव ती. काडतुसांच्या बुडातल्या टोप्या दमट लागल्या, ठिणगी पडायची नाही. खोलून परत भरावी लागतील.”

“तुझ्या टोप्या? दमट? आईनं हे ऐकलं असतं तर तुझी पहिली चूक म्हणून केक केला असता.” ती हसली. “मग शनिवारी एल्क हरणाला काय, दगड मारू?”

“मागच्या वर्षीची वीस आहेत कपाटात. ती ने.”

तिनं नेली. म्हणजे खिशात टाकली, खिसा थोपटला. संपलं. इतकं सोपं होतं... ती गेल्यावर एकेक गोळी उपटून काढायची, दारू अंगणात पसरून टाकायची, हाताला हे सगळं येतं, हाताला डोळे लागत नाहीत. कुणाला कळायचं कारण नाही. आणि या टेबलापाशी मी उद्याही बसेन, परवाही.

“बरं, टेसाला बारावं लागतंय,” कप धुता धुता जोडी म्हणाली. “पुढच्या वर्षी तिची पहिली शिकार. विकतची काडतुसं नको म्हणते बाई. आजोबांचीच हवीत. शाळाभर सांगत सुटलीये.”

नातीचा, टेसाचा गाल रायफलच्या दस्त्यावर टेकलेला त्याला डोळ्यांसमोर आणायचा होता. आला तो मागच्या वर्षीचा गाल, ओठाशी जॅम लागलेला. यंदाचा कसा आहे, त्याला आठवेना... यंदाच्या टेसाची फक्त वेणी होती, एक कोपर, पळताना हलणारी लाल बाही. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. इतके दिवस हे त्याच्या ध्यानात कसं आलं नाही, याचंच त्याला, दुसऱ्या कुणाबद्दल वाटावं तसं, नवल वाटलं.

“जोडी.”

“हं?”

“टोप्या कोरड्या आहेत.”

नळ बंद झाला.

“भांड्यात पिस्तुलाची दारू होती. मला दिसली नाही. मला मधलं दिसत नाही, मार्चपासून. कडेचं दिसतं... आत्ता तुझे केस दिसतायत. कान दिसतोय. चेहरा नाही.”