गप्प बसण्याचा सराव

ऑफिसात तिला सगळे रेडिओ म्हणत. तोंडावर म्हणत आणि ती चिडत नसे, कारण बोलणं हीच तिची रोजीरोटी होती. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत ती भागीदारी सांभाळायची. म्हणजे एका बड्या बिल्डर कंपनीशी जुळलेलं जुनं नातं तुटू द्यायचं नाही, रुसवेफुगवे काढायचे, दर खेपेला करार पुढे न्यायचा. इमारती त्यांनी बांधायच्या, लिफ्ट यांनी बसवायच्या आणि पुढे त्या बिघडल्या की दुरुस्तीलाही यांचीच माणसं जायची.

या दुरुस्तीवर तिचा जीव होता. तक्रारींचे फोन घेत तिनं त्याच विभागात नोकरीची सुरुवात केली होती आणि तिथल्याच एका मेकॅनिकशी लग्नही केलं होतं. तो आता विभागाचा मुख्य मिस्त्री झाला होता. "सगळ्या मशीन बंद करता येतात मला, बायकोचं तोंड सोडून," असं जेवणाच्या सुट्टीत तो चारचौघांत सांगायचा आणि ती तिथल्या तिथे त्याची बिनपाण्यानं करायची.

मागच्या कराराच्या वेळी बिल्डरनं दुरुस्तीचं काम मागून पाहिलं होतं. हा विभाग त्या इमारतींवरच चालायचा, तेव्हा ते काम गेलं असतं तर सगळे घरी बसले असते. ती अशी काही बोलली की बिल्डरचा मालक खाली मान घालून बसला. बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या म्हाताऱ्यांशी दाराच्या फटीतून तासतासभर गप्पा मारणारी आमची माणसं, त्यांच्या जागी तुम्ही कोणाला उभं करणार, असं तिनं थेट विचारलं होतं. विषय तिथेच मिटला.

यंदा करार जवळ आला तसं साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, तुमच्यासारखं कोणी नाही आपल्याकडे. पण आणखी वर जायचं तर स्वतःवर थोडं काम करायला हवं. भागीदारी सांभाळणाऱ्यांसाठी एक विकास-वर्ग आहे, कंपनी तुम्हाला पाठवतेय."

"काम कशावर करायचं, साहेब?"

"गप्प बसण्यावर," साहेब म्हणाले आणि दोघंही हसले.

तिला खरं तर बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत आपल्यावर कोणी खर्च करावा असं कोणाला सुचलं नव्हतं. वेडी कुठली!

वर्ग एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरायचा. जाड गालिचा, पाण्याच्या बाटल्या आणि समोरासमोर मांडलेल्या खुर्च्यांच्या जोड्या. प्रत्येकानं आपल्या भागीदार कंपनीतल्या माणसाला घेऊन यायचं, असा तिथला नियम होता. तिच्या समोर बसला बिल्डरकडचा तिच्याच हुद्द्यावरचा माणूस. वयानं मोठा, म्हणून ती त्याला दादा म्हणायची. तिची आई इस्पितळात होती तेव्हा हा माणूस रोज संध्याकाळी येऊन बाहेरच्या बाकावर बसायचा. तिची मुलगी त्याला मामा म्हणायची.

खेळ सोपा होता. एकानं अवघड मागणी करायची, दुसऱ्यानं उत्तर न देता नुसतं बघत राहायचं. समोरच्याला ती शांतता सोसवत नाही आणि तो आपणहून मागणी खाली आणतो, असं शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं. पहिल्या दिवशी तिची पुरती फजिती झाली. दादांची मागणी संपायच्या आत ती तीन उत्तरं देऊन मोकळी झाली होती. सगळा हॉल हसला.

दादा मात्र हसले नाहीत. "हे बघ, मनात काहीतरी म्हणत राहा," ते म्हणाले. "पाढे म्हण. मी डोळे वटारले तरी तोंड उघडायचं नाही. मीच घाबरून मागे हटेन, बघच तू."

ती तेराचा पाढा म्हणायला लागली. सुरुवातीला तेर त्रिकाला फुटायची, मग हळूहळू तेर दाहेपर्यंत पोचली. त्या दिवशी दादांनी खरोखरच मागणी मागे घेतली आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. घरी तर तिनं कहर केला. नवऱ्यानं "भाजी कशी झालीय?" असं विचारलं आणि ती नुसती बघत राहिली. बिचाऱ्यानं आधी मीठ चाखलं, मग माफी मागितली, शेवटी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

कराराच्या बैठकीला टेबलाच्या एका बाजूला ती आणि साहेब, दुसऱ्या बाजूला दादा आणि त्यांचे मालक. चहा झाला. नव्या इमारतींचं बोलणं झालं. मग दादांनी समोरचा कागद सरळ केला.

"या वेळी दुरुस्तीचं काम आमची स्वतःची नवी कंपनी करेल," ते म्हणाले.

ती खुर्चीत पुढे सरकली. शब्द पार ओठांपर्यंत आले. पण दादा तिच्याकडे रोखून बघत होते, अगदी वर्गात बघायचे तसे, आणि तिला वाटलं, हे आपल्याला आठवण करून देताहेत. मालकांसमोर यांना मागणी करावीच लागणार, आपण गप्प राहिलो की हे मागे घेणार. आपला माणूस आहे. तेरा एके तेरा. तेर दुणे सव्वीस. कोणी काही बोलेना. तेर त्रिक एकोणचाळीस. तेर चोक बावन्न.

साहेबांनी घसा खाकरला.

"मॅडम स्वतः दुरुस्ती विभागातून आल्यात. त्यांचीच हरकत दिसत नाही म्हटल्यावर आमचीही नाही. मान्य."

मालकांनी हात पुढे केला, साहेबांनी तो धरला.

"साहेब, थांबा, मी..."

"झालं आता, मॅडम," साहेब हळूच म्हणाले. "छान संयम राखलात."

तिनं दादांकडे पाहिलं. दादा कागद आवरत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नावालाही नव्हतं.

जिन्यात तिनं त्यांना गाठलं. "तुम्हाला माहीत होतं, दादा?"

ते एक पायरी खाली थांबले. "तुमच्या साहेबांचं आणि आमच्या मालकांचं आधीच ठरलं होतं. दुरुस्ती आम्हाला, बदल्यात नव्या सगळ्या इमारतींच्या लिफ्टची हमी तुमच्या साहेबांना. फक्त तू बोलली असतीस तर अवघड होतं. मागच्या वेळी आमच्या मालकांना मान वर करता आली नव्हती. तुमच्या साहेबांनाही तुझ्यासमोर हो म्हणायची हिंमत झाली नसती."

"मग तो वर्ग?"

"तुझ्या साहेबांची कल्पना. म्हणाले, ती तुमचं ऐकेल. मला नाही म्हणता आलं नाही गं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. साहेबांचं तिला फार वाटलं नाही, साहेब लोक विकतात आणि विकले जातात. पण यानं समोर बसून, धीर देऊन, चुका सुधारून तिचं तोंड शिवलं होतं आणि शेवटचा टाका बसल्यावर टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या आठवून तिला स्वतःचीच किळस आली. ती वळली आणि खाली दुरुस्ती विभागात गेली.

बातमी तिच्या आधीच पोचली होती. सगळे हत्यारं बाजूला ठेवून बसले होते आणि तिचा नवरा मधोमध उभा राहून त्यांना सांगत होता, "काम गेलं ते गेलं. पण सुखासुखी नाही गेलं, मी लिहून देतो. ही आत होती."

तिला दारात बघून तो पुढे आला. डोळे लाल होते, तरी ओठांवर जुनं हसू होतं.

"आली बघा. अगं, यांना जरा धीर येईल. सांग, काय काय सुनावलंस त्यांना?"

सगळी तोंडं तिच्याकडे वळली.

"काहीच नाही," ती म्हणाली.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं तिचा नवरा.