फोटोपुरता कोट

मी कोट बोलतोय. निळा, तीन बटणांचा. गुलमंडीतल्या शिंप्यानं मला श्रीनिवासच्या लग्नासाठी शिवलं. एक संध्याकाळ मिरवलो आणि पुढची सहा वर्षं कपाटात डांबरगोळ्यांच्या संगतीत काढली.

श्रीनिवास गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये जिरवायची कामं करतो. चिकलठाण्यात घराच्या पुढच्या खोलीत त्याचं ऑफिस. नोकरी सोडून हे सुरू केलं, पण वर्षभरात कामं मिळाली दोन, तीही नातेवाइकांची. बायकोशी, मनस्विनीशी ठरलं होतं की जूनपर्यंत जम बसला नाही तर पुन्हा नोकरी धरायची.

"लोक आधी मोबाइलवर माणूस बघतात," मनस्विनी म्हणाली आणि माझं नशीब उघडलं.

दर रविवारी फोटो. वर मी आणि टाय, खाली घरातली हाफ पँट. मागं मनस्विनीची अभ्यासाची जाडजूड पुस्तकं रचलेली. श्रीनिवास हाताची घडी घालून दूरवर बघायचा; तिकडं शेजाऱ्यांचं धुणं वाळत असायचं. फोटोखाली 'जलतज्ज्ञ'. मी तर फुगून गेलो होतो. लाइक भरपूर यायचे, काम मात्र येईना.

त्यात दुष्काळ. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, नव्या वसाहतींचे बोअर कोरडे. मे महिन्यात एका सकाळी गल्लीत टँकर आला. श्रीनिवास बनियनवरच पाइप धरून ड्रम भरत होता, मी खिडकीजवळच्या खुंटीवर. तेवढ्यात कडुबा आले. मूळचे सिल्लोडकडचे, कारखान्यातून निवृत्त, चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचे अध्यक्ष. मोबाइलवरचे फोटो बघून आलेले.

"जलतज्ज्ञ साहेब हायेत का?"

श्रीनिवास गडबडला. साहेब आत आहेत, येतीलच, असं सांगून मोकळा झाला.

ड्रम भरेपर्यंत गप्पा निघाल्या. कडुबांना तिसरा बोअर घ्यायचा होता. श्रीनिवासनं तो घेऊ नका म्हणून बजावलं. गच्चीचं पाणी गाळून जुन्याच बोअरमध्ये सोडा, पण यंदा टँकर घ्यावाच लागेल, फरक पडला तर पुढच्या उन्हाळ्यात, असंही सांगितलं.

मग कडुबांना ऑफिसात बसायला सांगून श्रीनिवास मागच्या दारानं आत आला, ओल्या बनियनवर मला चढवलं आणि खुर्चीत बसला. शाश्वत जलव्यवस्थापन, एकात्मिक उपाय, असं बरंच काही बोलला. कडुबा त्याच्या ओल्या पायांकडं बघत शांतपणे ऐकत होते.

"साहेब, तुमचं लई भारी हाय," ते म्हणाले, "पण मला मघाचा माणूस द्या. यंदा पाणी मिळणार नाय, असं तोंडावर सांगणारा तोच पहिला भेटला."

श्रीनिवास कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं मला उतरवून खुर्चीवर टाकलं.

"चला, तोच येतो."

काम मिळालं. त्या सोसायटीवरून आणखी दोन आली. नोकरीचा विषय घरात निघत नाही. प्रोफाइलवर आता मनस्विनीनं गच्चीत काढलेला, चिखलानं बरबटलेला श्रीनिवास आहे. खोटं कशाला बोलू, मला अपमान वाटला. आठवडाभर मी कपाटात रुसून बसलो.

परवा शेजारचा मिहिर, नवा विमा सल्लागार, फोटोसाठी मला मागायला आला. जाईन की, आनंदानं जाईन. माझं मागणं एवढंच, की मला चढवण्याआधी त्याला गिऱ्हाइकाशी दोन शब्द बनियनवर बोलू द्या.