डॉक्टरांच्या मोटारीचा कार्बोरेटर

मित्रांनो, मी डॉक्टरांच्या जुन्या मोटारीचा कार्बोरेटर आहे. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला पाजणे हे माझे काम. माझ्या तोंडावर चोक नावाची पत्र्याची झडप आहे. थंडीत ती मिटली की हवा कमी जाते, पेट्रोल जास्त जाते आणि गारठलेले इंजिन जागे होते.

डॉक्टर गुरांचे होते. पहाटे कुठे गाय अडली की ते धावत येत, चोक ओढत आणि चावी फिरवत. मी कधी दगा दिला नाही. "आमच्या घरात एका हाकेला उठणारी ही एकटीच," असे ते लेकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत.

पुढे डॉक्टरांची नजर अधू झाली. एकदा मोटार फाटकावर आदळली, तेव्हा लेकीने चावी काढून घेतली. तिचे चुकले नव्हते. मोटार शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. डॉक्टर रोज येऊन नुसते सीटवर बसत.

"एकदा सुरू तरी करू दे गं."

"पुढच्या रविवारी, बाबा."

असे आठ वर्षांचे रविवार गेले. माझ्यातले पेट्रोल आटून डिंकासारखे झाले, बारीक छिद्रे बुजली, चोक गंजून मिटला तो मिटलाच. मधेच केव्हातरी डॉक्टर यायचे थांबले.

मग एके दिवशी लेक एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घेऊन आली. "काका, बाबांना काही आठवेनासं झालंय. आता मलाही ओळखत नाहीत. हिचा आवाज ऐकला तर कदाचित..."

मिस्त्रीने झाकण उघडून मला पाहिले. "पोरी, हा पार चिकटलाय. वेळ लागेल."

तीन दिवस लागले. त्याने माझा एकेक भाग सुटा केला, पेट्रोलात धुतला, छिद्रे फुंकून मोकळी केली, सांध्यांतून गळू नये म्हणून नव्या गॅसकेटी बसवल्या, गंज घासून चोकची झडप हलती केली. चौथ्या दिवशी नवी बॅटरी आणि ताजे पेट्रोल घालताच मोटार धडधडली. चोक आत ढकलताच आवाज एकसारखा झाला. मला वाटले, जिंकलो.

लेकीने डॉक्टरांना हात धरून आणले आणि सीटवर बसवले. ते बराच वेळ ऐकत राहिले.

"आवाज छान आहे हो," ते म्हणाले. "कुणाची गाडी?"

"तुमचीच, बाबा."

"नाही हो, बाई. माझ्याकडे कुठून यायला गाडी." ते अवघडून उठू लागले. "मालक रागावतील. मला जरा घरी सोडता का?"

"चला, सोडते," लेक म्हणाली आणि त्यांना समोरच्या, त्यांच्याच घरात घेऊन गेली. मिस्त्रीने इंजिन बंद केले.

मित्रांनो, आज मी नव्यासारखा आहे, पण मला त्याचा काहीच आनंद नाही. मिस्त्रीने काम चोख केले होते. उशीर त्याच्या हातचा नव्हता. तुमच्या घरी कुणी लहानसे काही मागत असेल, तर ते वेळीच द्या. मागणाराच मागायचे विसरला, की देणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.