पाचवा कर्णा

तळं गोठलं की आमचा चाचण्यांचा तराफा मार्चपर्यंत बंद. त्या वर्षी काठाला बर्फाची साय धरू लागली होती, आणि इंजिनिअर हाल्श्काबाईंच्या हातात एकच दिवस उरला होता.

त्यांचं यंत्र म्हणजे पाण्याखाली आवाज सोडणारे नऊ कर्णे, एका ओळीत. असे खेटून बसवले की कर्णे एकमेकांना ढकलतात. एखादा तर स्वतः न बोलता शेजाऱ्याचंच गिळत बसतो. कार्यालयातही हे होतं, पण तिथे उपाय नाही. बाईंनी इथे काढला होता: प्रत्येक कर्ण्याच्या पाठीला एक बारीकसा कान. तो आपल्याच कर्ण्याची थरथर ऐकून, त्या कर्ण्याला जोर पुरवणाऱ्या तराफ्यावरच्या पेटीला कळवणार. कमी पडली तर पेटी जोर वाढवणार, जास्त झाली तर आवरणार.

संचालक स्वतः हजर होते. "आज जमलं नाही तर पेट्या भंगारात, बाई. जुनी पद्धत काय वाईट होती?"

"तिच्यात तीन कर्णे जळाले, साहेब."

"जळाले, पण शिस्तीत जळाले."

आमचा फिटर ब्रुनोन याने, बुडबुडे चिकटू नयेत म्हणून, कर्ण्यांना भांड्यांचा साबण चोळला आणि ओळ पाण्यात सोडली. बाईंनी बटण दाबलं. पहिला बोंबलायला लागला, नववा मुका, बाकीच्यांच्या पेट्यांवरचे काटे नाचताहेत. फक्त मधला, पाचवा, गुणी बाळासारखा.

"काका, पाचव्याला वेगळं काय केलंत?" बाईंनी ब्रुनोनला विचारलं.

"साबण सगळ्यांना सारखाच. मी भेदभाव करत नाही."

संचालकांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी लोणच्यातली काकडी तोंडाशी नेली आणि तिथेच थांबवली.

"कर्ण्यांवर आकडे कुणी रंगवले?"

"मी," मी म्हणालो. तराफ्यावर नोंदवही आणि रंगाचा डबा माझ्याकडे.

"कुठे उभं राहून?"

"समोर. पाठीकडून कुणी बारसं करतं का?"

"आणि काका, कानांच्या तारा?"

"पाठीमागून. कान पाठीलाच ना! डावीकडून एक ते नऊ."

म्हणजे माझा पहिला तो त्याचा नववा. जोर नेणाऱ्या तारा माझ्या आकड्यांनुसार गेल्या होत्या, कानांच्या त्याच्या मोजणीनुसार. नवव्याचं ऐकून पेटी पहिल्याला दामटत होती. लेकी बोले सुने लागे. पाचवा तेवढा दोन्हीकडून पाचवाच.

ब्रुनोनने पेट्यांवरच्या आठ तारा बदलल्या. माझा चहाचा ग्लास संपायच्या आत नऊ काटे एका रेषेत उभे राहिले. संचालकांनी ते समोरून पाहिले, मग खात्रीसाठी मागे जाऊनही.

"पेट्या राहू द्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "नोंदवहीत काय लिहिताय?"

"वस्तुस्थिती, साहेब. पाचवा कर्णा सुरुवातीपासून बरोबर होता."

बाईंनी काकडी खाल्ली.