कमलिनीबाईंचा डबा

"एकच कॅप्सूल द्या ना वहिनी, घसा अगदी धरलाय," म्हणत शेजारच्या मालतीने दारातूनच हात पुढे केला. दुसरा हात गळ्यावर होता.

कमलिनीबाई पदराला ओले हात पुसत तशाच उभ्या राहिल्या. डबा रिकामा केलाय, दवाखान्यात चल, हवं तर मी येते सोबत, असं त्यांनी सांगितलं. मालतीला आधी थट्टाच वाटली. वाटणारच! कारखान्याच्या त्या पिपलानीतल्या क्वार्टरांत कमलिनीबाईंचा लिमलेटचा पत्र्याचा डबा कुणाला ठाऊक नव्हता? कारखान्याच्या दवाखान्यातून औषध फुकट मिळायचं. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात जायच्या, कारण चांगली वस्तू टाकवत नाही. मग कुणाची दाढ ठणको, कुणाला गळू होवो, डबा निघायचाच. नागपूरला परतणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतही चिवड्याबरोबर एक पुडी असायची. लोक त्यांना अर्धी डॉक्टरीण म्हणायचे आणि बाईंना ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला!

पण त्या हिवाळ्यात बाईंच्या यजमानांच्या, नीळकंठरावांच्या पायात लोखंडाचा कीस घुसला. ते फोरमन, त्यात साखरेचा आजार. करंगळी लाल झाली तशी बाईंनी डब्यातली एक-दोन औषधं दिली. लाली ओसरली, औषध थांबलं. पुन्हा सूज आली, दुसऱ्या रंगाची दिली. बूट पायात जाईना तेव्हा कुठे ते दवाखान्यात गेले. तपासणीत निघालं की जखमेतल्या जंतूंवर नेहमीची औषधं चालतच नाहीत; अर्धवट औषधांना ते सरावले होते. करंगळी कापावी लागली.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नव्या कॅप्सूल हातात ठेवल्या. ड्रेसिंगआधी साबणाने हात धुवायला सांगितलं आणि मग हळूच म्हणाल्या, "इस बार एक भी मत छोड़ना, माताजी. वरना पैर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बाईंनी त्याच दिवशी डब्यातलं सगळं औषध कंपाउंडरच्या हवाली केलं. नुसता डबा मात्र टाकवला नाही, तो फळीवर राहिला.

हे सगळं मालतीला सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे नवऱ्याचं बोट आपण आपल्या हाताने घालवलं, हे तोंडाने म्हणायचं. जीभच उचलेना. "नाही देता येणार ग," एवढंच त्या म्हणाल्या.

"द्यायची नसेल तर तसं सांगा. डबा रिकामा म्हणून कशाला सांगता?" मालती म्हणाली आणि निघून गेली.

दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत. दुपारी चहा टाकला की मालती पलीकडून भिंतीवर उलथनं वाजवायची. ते बंद झालं. बाई आपल्याला काही फरक पडत नसल्यासारख्या वावरायच्या, पण सवयीने दोन कप काढायच्या आणि एक परत ठेवायच्या. खिडकीशी पाय वर करून पडलेले नीळकंठराव ते बघत राहायचे. मुळात बोलणं कमी. कॅप्सूल दिली की म्हणायचे, "घेतो मी. तू जा, दूध उतू जाईल."

एक दिवस बटणं ठेवायला बाईंनी तो डबा खाली काढला. तो खुळखुळला.

आत त्या नव्या कॅप्सूल होत्या, निळ्या-पांढऱ्या. त्या मुठीत घेऊन बाई खिडकीशी आल्या. नीळकंठरावांनी मान खाली घातली.

"मालतीसाठी ठेवल्या," ते म्हणाले. "भारी आहेत म्हणतात. पाय आता बरा वाटतोय, म्हटलं, राहू द्याव्यात थोड्या. तू दिल्यास तर येईल ती परत. रोज एकटी चहा पितेस, बघवत नाही मला."

बाईंना अतोनात राग आला. आणि त्या रागातही हा माणूस आपल्यासाठी काय करून बसला, हे त्यांना कळलं. कॅप्सूल खिडकीत ठेवून त्यांनी आधी हात धुतले. मग पट्टी सोडली. जखमेची कड पुन्हा लाल होती.

"तुमचं काही झालं तर मी कुणाबरोबर पिऊ चहा?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

स्वच्छ पट्टी बांधून झाल्यावर कॅप्सूल पुन्हा मुठीत घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि उलथन्याने भिंत ठोकली. पलीकडे काहीच नाही. पुन्हा ठोकली, जोरात. थोड्या वेळाने मालती दारात आली, तोंड फुगवलेलंच.

"रिक्षा बोलाव, यांना दवाखान्यात न्यायचंय," बाई म्हणाल्या. "करंगळी कशाने गेली ठाऊक आहे तुला? माझ्या डब्याने. मीच देत गेले. आणि आता यांनी स्वतःच्या वाट्याच्या या कॅप्सूल काढून ठेवल्यात, तुझ्या घशासाठी."

मालती त्या मुठीकडे बघत राहिली.

"माझा घसा तर मिठाच्या गुळण्यांनीच बरा झाला हो, वहिनी," ती म्हणाली. "केव्हाच झाला."

नीळकंठरावांनी कॅप्सूलकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. बाईंनी डॉक्टरांना दाखवायला कॅप्सूल कागदात बांधून घेतल्या. मालतीने खाली जाऊन रिक्षा थांबवली, परत वर आली, बेसिनपाशी साबणाने हात धुतले आणि दुसऱ्या बाजूने नीळकंठरावांना आधार दिला.